एकशे सत्तर ग्रॅम, मॅट

एकोणतीस वर्षं मी कागद नापास करत आलो.
केमीच्या गिरणीत, तिसऱ्या यंत्राच्या शेपटाशी,
खालून उजेड सोडलेल्या टेबलावर ताव पसरायचा.
डाग, सुरकुती, डास
(हो, डास. जूनमध्ये ओल्या कागदावर येऊन चिकटायचेच)
दिसला की सबंध रीळ परत लगद्यात.
माझ्या बोटांना अजून कळतं
कुठला कागद ऐंशी ग्रॅमचा
आणि कुठला नुसता तसं सांगतोय.

आता गिरणी बंद आहे. मार्केता म्हणते,
बाबा, आईच्या फोनमधले फोटो छापून घ्या,
फोनचा काय भरवसा.
एकतीस हजार चारशे सहा.
नोव्हेंबर आहे, अडीच-तीनला दिवस मिटतो,
बर्फ अजून धरलेला नाही, बाहेर नुसता चिखल,
म्हणजे मला सबबही नाही.

पहिल्या आठवड्यात हात चांगला चालला.
पिक्की झोपलेली: बाराशे. अकरा ठेवले.
ओनीचा पहिला मासा, सतरा वेळा,
त्यात मासा ओनीपेक्षा स्थिर.
धूसर, नापास. जुळे, नापास.
मार्केताचा आधीचा नवरा...
इथे जरा थांबलो.
सौनाचं छप्पर त्यानं घातलं, अजून गळलेलं नाही.
छपरासकट ठेवला.

अल्बमची वेबसाइट भारी मदतीची.
सारखी मध्ये तोंड घालते.
'हे एकाहत्तर फोटो अल्बमसाठी योग्य वाटत नाहीत.
काढून टाकू?'
उघडून पाहिले, तर पाण्याचा मीटर.
तळघरातला, नळांच्या जंजाळामागचा,
काळे आकडे, लाल आकडे,
काचेवर हिल्काच्या टॉर्चचा पांढरा ठिपका.
दर एक तारखेला ती खाली उतरायची.
बिल माझ्याकडे, आकडा तिच्याकडे,
अशी आमची वाटणी. सहा वर्षांत एक खाडा नाही.

काढून टाक, म्हणणारच होतो.
पण गिरणीतल्या माणसाला दोन आकडे शेजारी दिसले
की वजाबाकी आपोआप होते.
एरवी सात घनमीटर, दोघांचे.
जुलैत पंधरा: मुलं आली होती,
ओनीनं फुगवायचा हौद तीनदा भरून घेतला,
तिसऱ्यांदा कुत्रीसाठी.
एका जानेवारीत दोन: आम्ही स्पेनला, तिच्या बहिणीकडे.

मग तो ऑक्टोबर. नऊ.
नोव्हेंबर दहा. डिसेंबर बारा.
पाहुणे नव्हते. नळ गळत नव्हता, तो मीच बघतो.
डॉक्टरांनी सांगितलं फेब्रुवारीत.
दोघंही फेब्रुवारीतच ऐकतोय असं मी धरून चाललो.

रात्री कपड्यांचं यंत्र चालायचं, ते आठवलं.
रात्रीची वीज स्वस्त पडते, म्हणाली होती,
आणि मी, हिशेबी माणूस, कूस बदलून झोपलो.
सकाळी दोरीवर चादरी.
घामानं भिजलेल्या चादरी, हे मला मीटरनं सांगितलं,
चार वर्षांनी,
लाल आकड्यांत, दोन दशांशांपर्यंत.

शेवटचा फोटो मी काढलेला.
अर्ध्या काचेवर माझं बोट.
तीन. आणि तेवढेही मी कशाला वापरले कोण जाणे.

अल्बम परवा आले, चार, खोक्यात.
आधी पान चिमटीत धरलं.
एकशे सत्तर सांगितला होता, हा दीडशेच्या वर नाही.
तक्रार लिहिणार आहे.
उजेडासमोर धरलं, तर पलीकडची पिक्की
मीटरच्या काचेत झोपलेली दिसली.

रविवारी मार्केता आली, कोट न काढताच चाळत बसली.
मासा पाहून हसली. छपराशी काही बोलली नाही.
चौथा अल्बम उघडला आणि माझ्याकडे पाहिलं.
बाबा, हे काय?
मी पान उलटून जुलै काढून दिला.
म्हटलं, हा ओनीचा हौद.
ती पुढं पानं उलटत राहिली.
मी कॉफी टाकायला उठलो,
आणि नळ जरा जास्तच वेळ सोडून ठेवला.