नांगराचा रहाट

लवू कुबल देवगडहून एसटीनं आला,
गगनबावड्याच्या वळणांत ओकून निम्मा झालेला.
"समुद्रात कधी नाय, ह्या गाडयेतच," म्हणाला,
आणि खताच्या पिशवीतून दीड वाव साखळी
माझ्या टेबलावर ओतली.
उद्यमनगरात मिठाचा वास नवाच.
इथं कूलंट, तापलेलं बीड,
आणि दुपारी समोरच्या गाड्यावरचा कट.

"हिका बसात असां चाक व्हया, अक्का."

मी उसाच्या चरकाचे रूळ कातलेत,
पंपाचे इंपेलर, एकदा देवळाच्या घंटेची लोळी.
होडी म्हणाल तर रंकाळ्यावरची, पायानं मारायची.
आमच्याकडं नांगर म्हणजे पुढं ओढायचा,
जमीन उलथायला.
यांच्याकडं तो टाकायचा, थांबायला.

त्याच्या मोबाइलमधलं तयार यंत्र बघितलं.
बारा व्होल्टचं, आरशासारखं, बटण दाबलं की झालं.
होडी चोवीस फुटी, बॅटरी एक,
तीच दिव्याला, तीच वायरलेसला.
"रात्री ती झोपली तर मी काय करतलंय?"
म्हणून हाताचा. आडव्या दांड्याचा.
एका फेऱ्याला वीतभर साखळी,
सावकाश, पण येईल.
चाक गनमेटलचं, दांडा स्टेनलेस,
बीड नको, खारं पाणी दोन पावसाळ्यांत खाईल.

इतकी वर्षं कोण ओढायचं, मी विचारलं.
तो साखळीच्या कड्या मोजत बसला.
मग म्हणाला, पोरगा.
मग म्हणाला, शिरोलीला फाउंड्रीत लागलाय, रात्रपाळी.
मग पाठीवर हात ठेवून, मणका सरकलाय म्हणून,
डॉक्टरचा कागद दाखवला,
जसा काही मी मागितला होता.

पहिलं चाक चुकलं.
तुळईला टांगून, खाली भंगाराचं पोतं बांधून फिरवलं.
चार कड्या गपगुमान बसल्या, पाचवी उडाली,
पोतं खाली, फरशी दोन तुकडे.
चूक माझीच. एकच कडी मापली होती,
टोकाची, जी कधी ताणात नव्हती.
मधली साखळी दहा कड्यांमागं
सहा मिलिमीटर वाढलेली.
नवी घ्या म्हटलं.
पैसे मोजून तो नुसता हसला.
शेवटी नवीच घेतली, अर्धी माझ्या उधारीवर.

दुसरं चाक ओतून आलं टेम्पोतून.
त्याच दिवशी फोन.
"जयवंत बोलतोय. कुबलांचा."
मला वाटलं, किंमत विचारेल.
"हँडल उलटं फिरणार नाही ना?
लाट आली की मागं मारतं. त्यांचं मनगट आधीच..."
मी म्हटलं, खिट्टी आहे, दात आहेत, पट्ट्याचा ब्रेक आहे.
"खिट्टी दोन बसवा."
दोन बसवल्या.

फळीचा नकाशा त्यानं पुठ्ठ्यावर आणलेला,
भोकं मी त्यावरच पाडली.
चार बोल्ट, आरपार,
डेकखाली सहा मिलिमीटरची प्लेट,
नाहीतर एक दिवस रहाट जाईल आणि फळी पण.
बोल्टभोवती सिलिकॉन भरपूर.
आणि हे लिहूनच दिलं मोठ्या अक्षरांत:
होडी रहाटानं ओढायची नाही.
आधी इंजिनानं पुढं जा, मग फिरवा.
नांगर बसला की साखळी खुंटाला बांधा,
रहाटावर भार ठेवून झोपू नका.
त्यानं कागद चारदा घडी करून
खिशात ठेवला, तंबाखूच्या पुडीशेजारी.

मागच्या सीटवर, पायांत पोतं धरून गेला.
या वेळी उलटीसाठी लिंबू दिलं होतं.

अकरा दिवसांनी, पहाटे पावणेचारला फोन.
वारा, इंजिनाचा धुरकट आवाज,
आणि मग ती खडखड, एकेक कडी चाकात बसताना,
जी मी तुळईखाली ऐकली होती,
फक्त इथं खाली पाणी.
"नांगर वर इलो, अक्का."
पाठ कशी आहे, मी विचारलं.
"जयवंताक सांग," म्हणाला,
"दुसऱ्या खिट्टीची गरज पडली नाय."
थोडा थांबला.
"नको, सांगू नको. पडली म्हणून सांग."

साखळीचे पैसे अजून यायचेत.
सुके बांगडे आलेत, किलोभर, वर्तमानपत्रात.
शेजारचा वेल्डर विचारतोय, कसला वास.