तिसरा कप्पा

कुताइसीच्या इस्पितळाचं तळघर, रात्रीचे पावणेतीन.
पेटी दर चार सेकंदांनी ओरडतेय.
तिचे दिवे गेल्या हिवाळ्यातच गेले,
कुठली डिस्क मेली ते बघून कळत नाही.

मशीन बंद करायचं नाही.
चौथ्या मजल्यावर डॉक्टर त्सिंत्साद्झे
कुणाचं तरी फुप्फुस पडद्यावर उघडून बसलेत.

यादी म्हणते, कप्पा तीन.
पण यादी शून्यापासून मोजते
आणि माझं बोट एकापासून.
चुकून धडधाकट डिस्क ओढली
तर गावभरची सांधलेली हाडं
पुन्हा मोडली.

मग दिसली चिकटपट्टी, झुराबची.
प्रत्येक कप्प्यावर पेन्सिलीनं शेवटचे चार आकडे,
सातच्या देठावर आडवी रेघ.
झुराब आता पोलंडात ट्रक चालवतो.

खटका. अर्धी बाहेर.
हातात आली तरी आत ती फिरतच होती,
मनगट वळवलं तर नाही म्हणत होती.
थांबले.
मग गप्प झाली.

नवी सरकवली.
उरलेल्या सात जणी आपापलं वाचू लागल्या,
त्यांच्या हिशेबात जे कमी भरत होतं
ते गेलेलीचं,
ते कोऱ्या नवीच्या अंगावर उतरू लागलं.
चार टक्के. तासाभरानं नऊ.

वरून फोन : आज जरा हळू चाललंय का?
म्हटलं, हो, थंडी आहे.

जुनी पट्टी सोलली, पेन्सिलीला टोक केलं.
नव्या आकड्यांत
एकही सात नाही.