शेवटचे चार पोल

औशाला मी लाइनमन आहे.
तार कुठं तुटली ते मला
अंधार कुठून सुरू होतो त्यावरून कळतं.

मन्मथ झाला तेव्हा दोन दिवस
गंगासागर दुपटं उलटून उलटून बघत होती.
कोरडं.
पोट मात्र शेकलेल्या हलगीसारखं.
कुणी म्हणलं एरंडेल चाटवा,
कुणी विड्याच्या पानाचा देठ लावा.
देठानं एकदा झालं
आणि मी पेढे घेऊन आलो.

लातूरच्या मॅडमनी कागदावर आतडं काढलं,
वळणावळणाचं, गाडीवाटेसारखं,
खालच्या टोकाला पेनानं फुली.
पोटात असताना म्हणे
नसांच्या पेशी गळ्याकडून निघतात,
चालत चालत खाली येतात.
याच्या पोहोचल्या नाहीत.

किती राहिलं होतं?
वीतभर.

माळावरच्या वस्तीला असंच आहे:
डीपी चालू, फिडर चालू,
शेवटचे चार पोल बिनतारेचे
सहा वर्षं उभे.
तिथल्या बायका मला
नावानं ओळखतात, आणि शिव्यांनी.

फुलीचा तुकडा कापला, वरचं खाली जोडलं.
आता तो चार वर्षांचा,
तरी रोज संध्याकाळी नळी, मिठाचं पाणी,
आणि भिंतीकडं तोंड करून त्याचं पडून राहणं.

मॅडम म्हणाल्या, संशोधन चालू आहे.
लेकराच्याच पेशी घ्यायच्या, बशीत वाढवायच्या,
आतड्यात पेरायच्या.
उंदरांत जमलंय.
माणसांत?
त्यांनी चष्मा पुसला. तारीख दिली नाही.
आमचे साहेब लगेच तारीख देतात,
म्हणून यांच्यावर विश्वास बसला.

मेव्हण्यानं एक कार्ड आणलं.
शहरात कुणी तीच सुई आजच देतो,
तीन लाखात, गॅरंटीनं.
मी काही बोललो नाही.
परमिट न घेता लाइनीला हात लावणारा
व्यंकट मी पाहिलाय.
खाली त्याची चप्पल होती,
एकीत दुसरी नीट खोचलेली.

कार्ड फाडलं नाही.
पाकिटात आहे, पगाराच्या चिठ्ठीमागं.

परवा रात्री लाइट गेलेली.
मन्मथ अंधारात आपणहून उठून बसला,
"आई, आली."
नळी नाही, पाणी नाही.
आम्ही दोघं धडपडत उठलो
आणि लाइनमनच्या घरात
टॉर्च सापडेना.