वजन, तूक

उद्यमबागेत भट्टी निवल्यावर
ऑफिसातल्या जुन्या लिनक्सवर बसते.
चाळीस ओळींचा माझा पायथन:
लांबी, रुंदी, जाडी घेतो,
सात पूर्णांक दोननं गुणून
बिडाचं वजन सांगतो.
पण दर खेपेला त्याच फोल्डरात उतरा,
आधी पायथन म्हणा, मग फाइलचं लांबलचक नाव.
"एवढ्यात काट्यावर ठेवून आलो असतो की,"
मोल्डर मल्लेशी.

मग पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह,
आणि पायथनचा पत्ता.
आत कोंबलेली मापं काढली,
आता ती बाहेरून यायची, हुकमाच्या पाठोपाठ.
कुणी चुकलं तर आदळआपट नाही,
कसं विचारायचं एवढंच सांगायचं.
चालायची परवानगी दिली
(हा शब्द आमच्याकडे जरा जपूनच टाइप होतो),
डॉट पीवायचं शेपूट छाटलं
आणि फाइल ठेवली 'बिन'मध्ये.
मराठीत बिन म्हणजे शिवाय.
इथं सगळं त्याच्याच पोटात.

नाव राहिलं.
मी लिहिलं, वजन.
खांद्यामागून मल्लेशी:
"तूक म्हण की. आमच्यात तूकच."
वाद कशाला? एक दुवा टाकला,
तूक म्हटलं की वजनाकडे बोट.
फाइल एकच.
टाइप मात्र दोन्ही इंग्रजी अक्षरांत,
ती ना त्याची, ना माझी.

रात्रपाळीला त्यानं एका बोटानं
तूक मारलं, तीन मापं, एंटर:
अठरा किलो सातशे.
सकाळी काट्यावर प्लेट भरली एकोणीस.
मी घाईनं कोड उघडला.
मल्लेशी काट्याला लाथ घालत म्हणाला,
"ह्याला बघ आधी. ह्योच खोटं बोलूलालाय."