साडेबारा ते साडेतीन

मस्कतात जून ते ऑगस्ट
दुपारी साडेबारा ते साडेतीन
उघड्यावरचं काम बंद. सरकारी नियम.
रुवीतल्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर
टाकीखाली जेवढी सावली पडते
तेवढ्यात आम्ही तिघं मावायचो:
बशीर, नेपाळचा टेकबहादुर आणि मी.
ते दोघं झोपायचे.
मी मोबाइलवर पायथन शिकायचो.

वय त्रेचाळीस. एसी मेकॅनिक, एकोणीस वर्षं.
गॅसने बोटं इतकी निबर झालेली
की स्क्रीनला माझा अंगठा कळायचाच नाही.
शर्टाला पुसून पुन्हा दाबायचो.

पहिल्याच धड्यात बाई म्हणाल्या, मोजणी शून्यापासून.
मला नवल वाटलं नाही.
आमच्या खळ्यावर बाप भात मापायचा तेव्हा
पहिल्या पायलीला एक म्हणत नसे,
लाभ म्हणे.
लाभ, मग दोन, मग तीन.
एकाला एक न म्हणायची रीत
घरातलीच होती.

मग आलं जर-तर.
आई म्हणायची, जर-तरला काय अर्थ असतो रे?
आणि लगेच स्वतःच सुरू करायची:
जर दहावीनंतर शिकला असतास, तर.
जर त्या साली आगबोटीसारखा आखातात पळाला नसतास, तर.
तिचं वाक्य तिथेच थांबायचं.
इथे मात्र तर-च्या पुढे
काहीतरी लिहावंच लागतं.

पंधरा दिवस एकच चूक येत राहिली.
गुहागरहून लेकीने व्हिडिओवर बघितलं,
"बाबा, कोलन राहिला."
सतरा वर्षांची पोर. दोन वर्षांतून एकदा भेटते.
मी म्हटलं, आम्ही गळती शोधतो ना,
पाइपाला साबणाचा फेस लावायचा
आणि बुडबुडा कुठे येतो बघत
गप्प बसून राहायचं.
"मग येतंय की तुम्हाला," ती म्हणाली
आणि क्लासला गेली.

मुलाखतीला पंचविशीतला पोरगा.
"मिस्टर भुवड, या वयात का?"
गुडघ्याचं सांगितलं नाही.
मुरुगन ज्या शिडीवरून गेला
तिचंही सांगितलं नाही.
म्हटलं, शिकायची आवड आहे.
तेही खोटं नव्हतं.

पगार साठ रियाल कमी.
प्रमिला फोनवर थोडा वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, उन्हातून तरी सुटलात.
अझैब्याच्या ऑफिसात आता समोर दोन पडदे,
त्यांवर अडुसष्ट इमारतींचे चिलर, हिरवे ठिपके.
एकोणीस वर्षं लोकांसाठी गारवा बनवला,
पहिल्यांदाच त्यात दिवसभर बसलो
आणि सर्दी झाली.
स्वेटर घ्यावा लागला. मस्कतात. जुलैत.

त्याच जुलैत, एक वाजून दहा मिनिटांनी
रुवीचा ठिपका लाल झाला.
प्रेशर वर गेलेलं. कंडेन्सरमध्ये धूळ असणार,
तिथला कोपरान् कोपरा मला पाठ.
तक्रार आपोआप जवळच्या मेकॅनिकला गेली.
दोन मिनिटांत बशीरचा फोन,
मागे गच्चीवरचा तो वारा.
"भाई, तूने भेजा क्या?"
रागावला नव्हता. हसत होता.
मी म्हटलं, मी नाही, सिस्टिमने.
"सिस्टिम कौन?"

नियम कागदावर होताच.
यंत्राला कुणी सांगितला नव्हता.

रात्री मागे थांबून चार ओळी लिहिल्या:
जर वेळ साडेबाराच्या पुढची
आणि साडेतीनच्या आतली
आणि यंत्र गच्चीवर,
तर थांब.
कोलन दोनदा तपासला.
त्या थांबण्याला नाव द्यावं लागतं,
इंग्रजी अक्षरांत मी 'सावली' लिहिलं.

दहा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.
आज साहेबांची मेल आहे, सगळ्यांना.
दुपारच्या तक्रारी तीन-तीन तास अडतात,
तपासणीत एकच नाव सारखं दिसतंय.
उद्या सकाळी नऊला बैठक.
खाली ठळक अक्षरांत विचारलंय,
हा सावली कोण?