सतरा सेकंद

नववी 'ब'चा वर्ग पत्र्याखाली,
आणि भिंतीला भिंत लावून बुरांचा टॉवेलचा कारखाना.
सोळा माग.
इथं कविता शिकवायची तर ओरडून,
व्याकरण शिकवायचं तर खडूनं.
नाटककाराचं आयुष्य कसं शिकवायचं
हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

धडा पावणेदोन पानांचा. मार्तंड येलदी.
जन्म सोलापूर, शिक्षण अपुरं, नाटकं अकरा,
खाली सत्कारांची यादी, शेजारी शालीतला फोटो,
त्याला मागच्या वर्षीच्या मुलांनी शिंगं काढून ठेवलेली.
मी कुठून कुठून त्यांच्या मुलाखतीची जुनी फीत मिळवली,
फोनात भरून घेतली,
भाच्याचा स्पीकर मागून आणला
आणि टेबलावर ठेवून म्हणाले, ऐका.

म्हातारा बोलू लागला.
बुरांचे माग त्याच्याहून मोठ्यानं.
"बाई, कायच आयकू येईना."
"वाढवा की."
वाढवला. स्पीकर नुसता तडतडला.
मागच्या बाकावर गुंडेटीनं डोकं टेकवलं.
रात्री दोनपर्यंत तो कांड्या भरतो,
त्याला मी उठवत नाही.

अकराव्या मिनिटाला लाईट गेली.
सोळाच्या सोळा माग एका दमात बसले.
आमच्या पूर्व भागात अशी शांतता अंगावर येते,
कुणी गेल्याचा निरोप यावा तशी.
पंखा गरगरत थांबला. फोन मात्र चालू,
म्हातारा बोलतोय, आता अगदी स्वच्छ:
"दुसऱ्या अंकाला मला पडदाच सापडेना..."

आणि त्याच्या आवाजामागं
खट्-खटक्. खट्-खटक्.

पोरांनी खिडकीकडं बघितलं. बाहेर सगळं बंद.
"बाई, हे आतलं हाय. त्यांच्यातलं."
गुंडेटीचं डोकं वर आलं, डोळे मिटलेलेच.
"हातमाग हाय. खड्ड्यातला. एकच.
धोटा उजवीकडं अडकायलाय.
इणणारं माणूस म्हातारं हाय, पाय उशिरा पडायलाय."

ही फीत मी घरी चारदा ऐकली होती,
वहीत मुद्दे काढले होते लाल शाईनं.
मुद्द्यांत माग नव्हता.

मग तोही थांबला, फितीतला.
एक बाई, लांबून, बहुधा मागच्या खोलीतून:
"अन्नं तिन्नवा रा?"

अर्धा वर्ग हसला,
घरचं माणूस शाळेच्या दारात दिसल्यावर हसतात तसा.
प्रेमलता बोल्लीनं न विचारताच मराठी केलं:
"जेवलास का रे, म्हणायली."

येलदी गप्प.
अकरा नाटकांतल्या माणसांना ज्यानं बोलायला लावलं
त्याला एवढं एक वाक्य देता येईना.
मुलाखतवालाही गप्प.
मी घड्याळ बघितलं होतं. सतरा सेकंद.
मग खट्-खटक् पुन्हा सुरू झालं
आणि म्हातारा म्हणाला, "हां, तर पडदा."

आई असंल, कुणी म्हणालं.
एवढ्या म्हाताऱ्याची आई? मग बायको.
"बायको 'रा' म्हणती व्हय?"
थोरली बहीण, असं गुंडेटी म्हणाला
आणि पुन्हा डोकं टेकवून झोपला.
धडा मी दोनदा चाळला. पावणेदोन पानांत बहीण नाही.

घटक चाचणीत प्रश्न होता:
येलदी यांच्या जीवनाविषयी चार ओळी लिहा. गुण दोन.
बाकीच्यांनी जन्म, नाटकं, सत्कार.
गुंडेटीनं लिहिलं:

ते नाटकाचं बोलत होते. बहीण वीणत होती.
ती जेवलास का म्हणाली.
ते जेवलो म्हणाले नाहीत.

तीनच ओळी. 'विणत' दीर्घ काढलेलं.
तेवढं मी ऱ्हस्व केलं.
गुणांच्या चौकटीत अजून काही नाही,
गठ्ठा उद्या द्यायचा आहे.

शाळा सुटली आहे. बुरांकडं दुसरी पाळी लागली.
मी कान देऊन बसले आहे,
सोळांतला एखादा तरी अडखळत असेल.
कुठला, ते मला ओळखू येत नाही.