एक, तीन, चार, दोन

केमीत डिसेंबरचा दिवस दुपारी दोनलाच आटोपतो.
मग आम्ही गॅरेजचा हीटर लावतो,
टाउनो उलट्या क्रेटवर बसतो,
आणि मी, कागद गिरणीत चौतीस वर्षं हिशेब लिहिलेली बाई,
आमच्या सहासष्टच्या व्होल्वोच्या पोटात हात घालते.

त्याचे हात आता थरथरतात.
सूप चमच्यातून टेबलावर जातं,
बोल्ट आट्यात बसत नाही.
म्हणून हात माझे आणि कान त्याचे,
असं ठरलं. म्हणजे ठरवलं कुणीच नाही,
एके दिवशी त्याने पाना माझ्याकडे सरकवला
आणि बाहेर बर्फाकडे बघत बसला.

इंजिन जाम होतं. अकरा हिवाळे तसंच पडून.
प्लगच्या भोकांतून तेल ओतलं
आणि थांबलो.
थांबणं हेही कामच, टाउनो म्हणाला,
फक्त त्याचे पैसे बिलात लावता येत नाहीत.
दर रविवारी पुढच्या नटाला लांब पाना लावून
मी सगळं वजन टाकायची.
सातव्या रविवारी ते हललं, नखभर,
रुसलेलं माणूस कूस बदलतं तसं.
आम्ही त्यावर काही बोललो नाही. कॉफी मात्र दोनदा झाली.

हेडचे बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, एकेकाला एकेक घर.
बुटांच्या खोक्याला भोकं पाडून
पुशरॉड ओळीने उभे.
जे जिथून निघालं ते तिथेच गेलं पाहिजे, तो सांगत होता,
इतकी वर्षं घासून घासून
त्यांनी एकमेकांचा आकार घेतलाय.
मी वर पाहिलं नाही.
काजळी खरवडत राहिले.

ओउलूच्या डॉक्टरने सांगितलं, दहापर्यंत आकडे म्हणा.
टाउनो म्हणाला, एक, तीन, चार, दोन.
डॉक्टरने काहीतरी लिहून घेतलं.
मी म्हटलं, अहो, तो ठिणगीचा क्रम आहे,
चार सिलिंडरांत ती अशीच फिरते.
डॉक्टरने तेही लिहून घेतलं.
परतताना तो हसत होता, मीही हसत होते,
सिमोची पाटी आली
आणि दोघेही गप्प झालो.

फेब्रुवारीत दातेरी चाकांवरची टिंबं जुळवली,
टिंबासमोर टिंब, नाकासमोर नाक.
गॅस्केट ठेवलं.
हेड आवळलं मधून कडेला, तीन फेऱ्यांत,
घाई नाही.
शेवटच्या फेरीला खांदे भरून आले,
आणि क्रेटवरून आवाज: पुरे.
पुरे, हेल्मी.
नाही, अजून एकदा.

मार्चमध्ये बॅटरी जोडली.
पहिल्यांदा काहीच नाही.
दुसऱ्यांदा खोकला.
तिसऱ्यांदा इतका निळा धूर, की शेजारचा यल्मारी
आग लागली म्हणून फावडं घेऊन धावत आला
आणि फावडं टेकवून तिथेच उभा राहिला.

टाउनोने खिशातून जुना मार्क काढला,
युरोच्या आधीचा.
चालत्या इंजिनाच्या झाकणावर नाणं कडेवर उभं राहिलं
तर काम चोख, असं तो गिऱ्हाइकांना दाखवायचा,
स्वतःचं वर्कशॉप होतं तेव्हा.
त्याच्या बोटांत नाणं नुसतंच नाचलं.
मी घेतलं, उभं केलं, हात काढला.
तीन मोजेपर्यंत राहिलं,
मग आडवं झालं, घरंगळलं,
खालच्या काळ्या तेलाच्या तसराळ्यात बुडालं.

त्याने तळहात झाकणावर ठेवला.
गरम होतं, तरी ठेवला.
तो थरथरत होता, तेही थरथरत होतं,
त्यातली कुणाची थरथर किती,
माझ्या हिशेबी डोळ्यांनाही कळेना.
त्याने डोळे मिटले.
तिसरा, तो म्हणाला. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह घट्ट बसलाय.
गार होऊ दे.

मी किल्ली फिरवली. यल्मारी घरी गेला.
बरं झालं, अंड्यांचा ट्रे
मी अजून टाकला नव्हता.